दिरांनी इसार घेतलाय आणि मी विरोध समितीत आहे

पत्र थोडक्यात असं:

"आमचं गाव नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला. गावामागे डोंगर, त्याखाली गायरान आणि गायरानाला लागून मुरमाड माळ. हा सगळा पट्टा हिरव्या झोनमध्ये आहे असं लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. वर्षभरात बाहेरच्या एका पार्टीने एजंटांमार्फत चाळीसेक एकर घेतलं. रात्री जेसीबी चालतात. डोंगराच्या पायथ्याला रस्ता कापलाय, 'निसर्गाच्या सान्निध्यात दुसरं घर' असा बोर्ड लागलाय. पहिल्याच पावसात ओहोळाला लाल गाळ आला, दोन विहिरी गढूळ झाल्या. गावाने समिती केली, तहसीलदारांना निवेदन दिलं, पोच मिळाली, पुढे काही नाही. मी ग्रामपंचायत सदस्य आहे आणि समितीतही आहे. आता कळलं की माझ्या धाकट्या दिरांनी त्यांच्या वाटणीच्या दोन एकरांचा इसार त्याच पार्टीकडून घेतलाय. सोसायटीचं कर्ज आहे, दोन वर्षं बाग हातची गेली, मुलीचं लग्न आहे. ते म्हणतात, 'वहिनी, तुमच्या समितीमुळे माझा व्यवहार मोडला तर मी काय करायचं ते तुम्हीच सांगा.' घरात बोलणं बंद आहे. समितीत सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, तर आठ-दहा वर्षांपूर्वी इथेच फार्महाऊस बांधलेल्यांचा. सरपंच दोन्हीकडे मान डोलावतात. हे थांबवता येईल का? मी सदस्यपद सोडावं का? दिरांना काय सांगू?"

ताई, नमस्कार.

राजीनाम्याचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. देऊ नका. समितीतल्या इतरांना ज्या कागदासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकून तीस दिवस वाट पाहावी लागेल, तो कागद तुम्ही सदस्य म्हणून मासिक सभेत समोर मागू शकता. घरच्या शांततेसाठी खुर्ची सोडलीत तर शांतता मिळेलच असं नाही, दप्तर मात्र हातचं जाईल.

आणि सुरुवात त्या दप्तरापासूनच करा. गेल्या दोन-तीन वर्षांचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची वही, घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. शोधायचं काय, तर त्या गटांच्या किंवा तिकडे जाणाऱ्या पाणंदीच्या नावाने दिलेला ना हरकत दाखला. सरपंच दोन्हीकडे मान डोलावतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला ही शंका येते. रस्ता रुंद करायला हरकत नाही, विजेचे खांब टाकायला हरकत नाही, असे ठराव एकेकटे वाचले तर निरुपद्रवी वाटतात. चहापाण्याबरोबर मंजूर होतात. एजंट मात्र तेच कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठाण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला दाखवतो आणि सांगतो, 'ग्रामपंचायतीची परवानगी आहे.' तुमच्या भागात गावठाणाबाहेरच्या बांधकामाला परवानगी द्यायची ती नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एनएमआरडीएने. ग्रामपंचायतीच्या दाखल्याने ते काम होत नाही. असा ठराव सापडला तर तो मागे घेण्याचा विषय पुढच्या सभेसाठी लेखी द्या. त्या सभेला तुम्हीही हजर होता असं निघालं, तर समितीला ते तुम्हीच सांगा. समोरच्या पार्टीने ते पान जपून ठेवलेलं असणार.

आता झोन. 'हिरव्या झोनमध्ये आहे असं ऐकतेय' या वाक्यावर तुमचं निवेदन उभं असेल तर ते कचेरीत का पडून राहिलं हे मला समजतं. ऐकीव झोनवर कोणताही अधिकारी कारवाई करत नाही. प्रत्येक गट नंबरचा झोन दाखला आणि सोबत प्रादेशिक योजनेचा भाग नकाशा एनएमआरडीएकडून रीतसर घ्या. एका गटाचा अर्धा भाग हिरव्यात आणि अर्धा दुसऱ्या झोनमध्ये, असंही निघतं. दाखला हातात आला की तो नकाशा गावनकाशाशेजारी ठेवून त्यावर डोंगराची हद्द, गायरान, ओहोळ आणि वनखात्याची हद्द हाताने रेखा. शाळेतल्या मास्तरांना सोबत घ्या, हे काम त्यांना छान जमतं.

एक गोष्ट समितीला स्पष्ट सांगावी लागेल. हिरव्या झोनमध्ये काहीच बांधता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, शेतीच्या झोनमध्येही बरंच काही चालतं. एकराच्या आसपास, म्हणजे ०.४ हेक्टर जमीन असेल तर शेतघर बांधता येतं. कृषी पर्यटनाला वाट आहे. गावठाणालगतच्या पट्ट्यात प्रीमियम भरून निवासी वापराचीही सोय आहे. तेव्हा 'हिरव्या पट्ट्यात बांधकाम सुरू आहे हो' एवढीच तुमची तक्रार असेल, तर समोरचा वकील एका उत्तरात ती संपवेल.

तक्रार कशाची करायची ते सांगतो. जे तुम्ही वर्णन केलंय त्यात निदान चार वेगळी प्रकरणं आहेत आणि चारही वेगवेगळ्या टेबलांवर जातात. तुमच्या एका निवेदनात ती सगळी कालवली गेली असणार.

पहिलं, मुरूम. डोंगर कापून रस्ता केला म्हणजे गौण खनिज निघालं. परवानगी आणि रॉयल्टीची पावती नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि यंत्रं जप्त करता येतात. हे तहसीलदारांच्या थेट अधिकारातलं काम, म्हणून ते स्वतंत्र अर्जाने मागा. अर्जात गट नंबर, तारखा, आणि पंचनामा करून खड्ड्याचं मोजमाप घ्यावं ही एवढी एकच मागणी. झोन, निसर्ग, संस्कृती यातलं काही त्यात घालू नका. मोजमापाचा पंचनामा झाला की पुढच्या सगळ्या भांडणांना तोच आधार होतो.

दुसरं, उतार. एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर, म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट किंवा जास्त चढ असेल तिथे, बांधकामाला परवानगी मिळत नाही. डोंगराच्या पायथ्याचे कितीतरी प्लॉट याच नियमात अडकतात, पण उतार मोजतं कोण? समितीने वर्गणी काढून खाजगी सर्व्हेअरकडून समोच्च रेषांचा, म्हणजे जमिनीचा चढ-उतार दाखवणारा, नकाशा करून घ्यावा. फ्लेक्स आणि मोर्च्याच्या जीपगाड्यांपेक्षा हा खर्च आधी. डोंगराचा पाय कापला की वरची माती कशी वागते याबद्दल तुमच्या गावात कुणाला शंका असेल तर माळीणचं नाव पुरे. ३० जुलै २०१४ ला महाराष्ट्राने ते पाहिलंय.

तिसरं, गायरान. माळावर जायचा रस्ता गायरानातून जातो का हे पत्रात नाही, पण तुम्ही केलेल्या वर्णनावरून जात असणार. गायरान सरकारचं, ग्रामपंचायत फक्त राखणदार. खाजगी वसाहतीला तिथून वाट देण्याचा अधिकार सरपंचांना नाही आणि ग्रामसभेलाही नाही. सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना दिला आहे. त्या निकालाचा उल्लेख अर्जात जरूर करा. पण मग गायरानात गावातल्या कुणाची पडवी, कुणाचा गोठा सरकलाय का, हेही आधी पाहून घ्या. पहिल्या सुनावणीला तेच फोटो तुमच्यासमोर टाकले जातील.

चौथं, बोर्ड. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून जाहिरात करायची तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांक व क्यूआर कोड जाहिरातीवर छापावा लागतो. बोर्डाचा फोटो काढा, झूम करून पाहा. क्रमांक नसेल तर महारेराकडे तक्रार. ही चारांतली सगळ्यांत सोपी गोष्ट आहे आणि बिल्डरला सगळ्यांत लवकर टोचते, कारण तिचा परिणाम थेट विक्रीवर होतो. दहा-अकरा गुंठ्यांचे 'फार्म प्लॉट' सामाईक सातबाऱ्यावर विकले जात असतील तर तुकडेबंदीचाही प्रश्न येतो. २०२३ पासून शेतजमिनीचं किमान क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे आहे. शहरांभोवती हा कायदा अलीकडे सैल होत चाललाय, म्हणून तुमच्या गटांना तो आज कसा लागतो हे जमिनीच्या वकिलाकडून एकदा पक्कं करून घ्या.

वनखात्याची हद्द, पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा, या गोष्टी निवेदनात याव्यात, पण त्यांवर सगळा भार टाकू नका. मसुदा म्हणजे मसुदा. तुमचं गाव त्याच्या यादीत आहे का ते पाहा. असेल तर वीस हजार चौरस मीटरच्या वरचे नवे बांधकाम प्रकल्प तिथे नकोत असं केंद्रानेच लिहिलंय, हे दाखवून देता येतं. तसंच राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशातल्या अनुसूचित गावांची यादी बघा. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, दिंडोरी या बाजूंची पुष्कळ गावं तिच्यात आहेत, आणि जुन्या नाशिक तालुक्यातलीही आहेत. गाव यादीत निघालं तर अनुसूचित गावांसाठी असलेल्या पेसा कायद्यामुळे तुमच्या ग्रामसभेचं वजन एकदम वाढतं. त्या चाळीस एकरांत आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल, तर परवानगी कुणी दिली हा प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारावा लागेल.

हे सगळं सांगितलं तरी माझ्या मनात राहून राहून येतो तो एक आकडा. चाळीस एकर.

शेतीच्या झोनमध्ये मोठी वसाहत करायचा एक राजरोस रस्ता नियमावलीत आहे, एकात्मिक नगर वसाहत. त्यासाठी सलग चाळीस हेक्टर लागतात, म्हणजे जवळपास शंभर एकर. आज त्या पार्टीकडे चाळीस एकर आहेत. ती तिथेच थांबून फार्म प्लॉट विकून निघून जाणार आहे, की शंभरकडे चाललीय? समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या दारापर्यंत पोचला, सिंहस्थाच्या निमित्ताने त्र्यंबक रस्ता रुंद होतोय, त्या सगळ्या पट्ट्यात जमिनीचे भाव कसे उडालेत ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. अशा हवेत कुणी उगाच माळरान जमवत नाही. शेजारच्या गटांवर कुणाकुणाला इसार मिळालाय याची यादी करा. फेरफार नोंदी ऑनलाइन दिसतात, पण इसार तिथे दिसत नाही, तो पारावरच कळतो. यादी नकाशावर रंगवली की दिसेल: तुकडे सलग होत चाललेत का, आणि कोणत्या तुकड्यांशिवाय ते सलग होणार नाहीत.

तुमच्या दिरांचे दोन एकर कुठे येतात ते त्या नकाशावर बघा. माझा अंदाज, रस्त्याच्या तोंडावर. चाळीस एकरवाला माणूस दोन एकरांसाठी दारात येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला रस्ता हवा असतो किंवा सलगपणा हवा असतो. आणि तसं असेल तर तुमचे दीर समजतात त्याहून त्यांची जमीन त्या पार्टीला पुष्कळ महाग आहे.

म्हणून दिरांशी बोलायची सुरुवात 'विकू नका'ने करू नका. ज्याची दोन वर्षं बाग गेली, ज्याच्या दारात सोसायटीचा माणूस येतो आणि घरात लेक लग्नाची आहे, त्याला डोंगर वाचवायला सांगणं मला जमणार नाही, तुम्हीही करू नका. त्यांना म्हणा, 'भाऊजी, मी तुमचा व्यवहार मोडायला आले नाही. इसार पावती मला दाखवा.' आणि पावती शांतपणे वाचा. घेणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव आहे की एजंटचं? उरलेली रक्कम कधी द्यायची, तारीख लिहिलीय का? की 'झोन बदल व इतर परवानग्या मिळाल्यानंतर' असं लिहिलंय? हे शेवटचं वाक्य असेल तर सगळा धोका त्यांच्यावर आहे. थोडक्या पैशांत जमीन बांधली गेली, दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, आणि उरलेले पैसे कधी येतील ते सरकार, एनएमआरडीए आणि नशीब यांच्यावर. लेकीचं लग्न या परवानगीच्या भरवशावर ठरवू नका, एवढं त्यांना समजलं तरी पुष्कळ झालं. त्यात तुमच्या समितीचा काही दोष नाही, आणि हे त्यांना तुमच्याकडून ऐकायला जड जाईल. म्हणून पावती एखाद्या तटस्थ वकिलाकडून वाचून घ्या, फी तुम्ही भरा.

दोन कागदांवर त्यांनी सही केलेली नाही ना, हे मात्र त्याच दिवशी विचारा: कुलमुखत्यारपत्र आणि विकसन करारनामा. इसारातून बाहेर पडता येतं, कटकटीने का होईना. कुलमुखत्यारपत्र दिलं असेल तर त्यांच्या नावावर पुढे काय काय होईल ते त्यांनाही कळणार नाही.

आणि ताई, एक गोष्ट मला खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात तुमच्या यजमानांचा उल्लेख एकदाही नाही. जमीन दोघा भावांची, वाटणी दोघा भावांची, आणि बोलणं बंद कुणाशी? वहिनीशी. 'वाटणीचे दोन एकर' असं तुम्ही लिहिता, पण वाटप नोंदवलेलं आहे का, की सातबारा अजून सामाईक आहे? सामाईक असेल तर आज ना उद्या एजंट तुमच्या यजमानांची सही घ्यायला येणारच. तेव्हा घरात भांडण होण्यापेक्षा आता यजमानांनी भावाशेजारी बसावं. वाटप नोंदवलेलं नाही हा मुद्दा दावा टाकून दिरांना अडवायला वापरू नका. समितीतला कुणीतरी हुशार तुम्हाला हे सुचवेल. कोर्टात तो दावा तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल आणि डोंगर तोवर कापून झालेला असेल. कर्ज किती, लग्नाला किती लागतात, बागेला पुन्हा उभं करायला किती, हे तीन आकडे दोघा भावांनी एका कागदावर मांडावेत. कदाचित दोन एकर विकावेच लागतील. कदाचित अर्धा एकर पुरेल, आणि तोही डोंगराकडचा नाही, गावठाणालगतचा, जिथे घरं होणं कायद्याने आणि तुमच्या समितीच्याही हिशेबाने चालतं.

दिरांनी इसार घेतलाय हे समितीत तुम्ही स्वतः उभं राहून सांगा. त्यांना आधी कल्पना देऊन. गावाला ते कळलेलं असणारच, फक्त तुमच्या तोंडून कळलेलं नसेल.

आता समितीतले बंगलेवाले. आधी आला तो निसर्गप्रेमी आणि नंतर आला तो बिल्डर, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे, त्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्यांचा आवाज मोठा आहे, मुंबईत ओळखी आहेत, इंग्रजीत अर्ज लिहिता येतो, हे सगळं कामाचं आहे. फक्त दोन गोष्टी आधी उरकून घ्या. एक, त्यांच्या स्वतःच्या शेतघरांच्या परवानग्या समितीच्या फाइलमध्ये ठेवा. जो देणार नाही त्याला सह्यांच्या पहिल्या पानावर घेऊ नका. दुसरं, त्यांना सभेत विचारा: हे दोन एकर शेतीच राहतील या अटीवर रास्त भावाने विकत घ्यायला, किंवा करारावर कसायला, तुमच्यापैकी कोण तयार आहे? शेतजमीन घ्यायला शेतकरी असणं लागतं, पण शेतघरवाले बहुतेक कागदावर शेतकरी असतातच. डोंगराच्या दृश्याची किंमत आजवर तुमचे दीर आणि त्यांच्यासारखे खातेदार फुकट सोसत आलेत. कुणीच हात वर केला नाही तरी विचारलेलं बरं. सभेतला आवाज थोडा खाली येईल.

विरोधासोबत एक मागणीही लागेल, नाहीतर गावातली पोरंच तुमच्याविरुद्ध जातील. लग्न झालेल्या मुलाला गावठाणात खोली वाढवायला जागा नाही, हे दुखणं नाशिकभोवतीच्या जवळपास प्रत्येक गावाचं आहे. एजंट त्यांनाच सांगतो, 'वसाहत झाली की तुम्हालाही प्लॉट मिळेल, रस्ता मिळेल, काम मिळेल.' त्याला तुमचं उत्तर काय? जिल्हाधिकाऱ्यांकडे गावठाण विस्ताराचा प्रस्ताव पाठवायचा ठराव त्याच ग्रामसभेत करा: घरं कुठे हवीत, किती हवीत, पाणी कुठून. मग 'गाव विकासाच्या विरोधात आहे' असं म्हणायला कुणाला तोंड राहत नाही.

आणि डोंगराचं काय करायचं आहे तेही लिहा. आपल्याकडे बोरगड आहे, २००८ साली जाहीर झालेलं, महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र. अंजनेरीला तो दर्जा २०१७ मध्ये मिळाला. अतिशय दुर्मीळ अशी, अंजनेरीच्याच नावाची छोटीशी वनस्पती तिथल्या पठारावर वाढते, गिधाडं आहेत. तिथे डोंगरावर रस्ता न्यायची टूम निघाली तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या हातात सरकारचीच अधिसूचना होती. याउलट २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याला आणि बेळगाव ढग्याच्या संतोषा डोंगरावर लोक उभे राहिले ते उत्खनन सुरू झाल्यावर. आंदोलन मोठं झालं, पण कापलेला डोंगर कुणाला परत लावता येत नाही. तुमच्याकडचा वरचा भाग वनखात्याचा आणि खालचा सरकारी गायरान असेल, तर असा दर्जा मागता येतो, कारण संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवरच होतं. सकाळी कोणते पक्षी दिसतात, झरे किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात, कोणती झाडं, गुरं किती चरतात: शाळेची पोरं आणि गुराखी मिळून एका पावसाळ्यात हे लिहून काढतील. हा पट्टा गंगापूर धरणाच्या पाणलोटात आहे हे त्यात ठळक लिहा. धरणाचा साठा आज ५,६३० दशलक्ष घनफूट धरला जातो, मूळचा यापेक्षा बराच जास्त होता, गाळाने खाल्ला. ओहोळातून आलेला तुमचा लाल गाळ शेवटी नाशिककरांच्या नळाच्या वाटेवर जाऊन बसतो. शहरातल्या माणसाला तुमच्या माळाची काळजी का असावी, याचं याहून चांगलं कारण मला सुचत नाही. तपोवनातल्या झाडांसाठी २०२५ च्या अखेरीस हेच शहर रस्त्यावर उतरलं होतं.

रात्रीच्या जेसीबीबद्दल थोडं बजावून सांगतो. पोरांना यंत्रापुढे आडवं पाडू नका, काचा फोडू देऊ नका. एक गुन्हा दाखल झाला की वर्षभर समिती जामिनाच्या मागे लागते, आणि समोरच्याला तेच हवं असतं. लांबून व्हिडिओ घ्या, वेळ आणि ठिकाण दाखवणारं कॅमेऱ्याचं ॲप वापरा, ११२ ला फोन करा आणि फोन केल्याची वेळ वहीत टिपा. व्हॉट्सॲपवर कुणाचं नाव घेऊन 'भूमाफिया' लिहू नका. गट नंबर लिहा, तारीख लिहा. गट नंबर अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही.

एक मुदत मात्र चुकवू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, आपल्यासाठी त्याचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. सबळ कारण दाखवलं तर फार तर साठ दिवस वाढवून मिळतात. डोंगर पहिल्यांदा कधी कापला, ओहोळ पहिल्यांदा कधी लाल झाला, या तारखा आजच पक्क्या करा. निवेदनाची पोच मिळाली म्हणून मुदत थांबत नाही. झोन बदलाची सूचना मात्र बिल्डर तुम्हाला सांगायला येणार नाही. ती राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, हरकतींसाठी मुदत देऊन. वाचनालयात रोज बसणाऱ्या एखाद्या निवृत्त गुरुजींवर ते काम सोपवा. हरकती प्रत्येक खातेदाराने आपल्या नावाने आणि आपल्या गट नंबरासह द्यायच्या. दोनशे सह्यांचं एक निवेदन म्हणजे सुनावणीत एकच हरकत धरली जाण्याची शक्यता जास्त. प्रत्येकाने वेगळी दिली तर प्रत्येकाला बोलायला मिळेल.

या सगळ्याने थांबेल का, हे तुम्ही विचारलंय. डोंगराचा उतार आणि गायरान थांबेल असं मला वाटतं, कागद नीट लावलेत तर. माळावरची एकेका एकराची शेतघरं सगळी थांबणार नाहीत. शंभर एकरांची वसाहत होईल की नाही हे तुमच्या दिरांसारखे पाच-सात खातेदार कसे वागतात यावर आहे, म्हणून पावतीचं काम मोर्च्याच्या आधी.

पावतीची झेरॉक्स काढून नावं आणि रक्कम खोडून मला पाठवा, झोन दाखले आले की तेही. आणि या आठवड्यात यजमानांना सांगा, संध्याकाळी भावाकडे जाऊन बसायचं. सोबत तुम्ही जाऊ नका.